आखाजीला निघालेली मोटार

आमच्या गावात मोटार एकच होती आणि ती आमची होती. हे वाक्य मी लहानपणी इतक्या जणींना ऐकवलं आहे, की आज लिहितानासुद्धा कान गरम होतात.

गाव धुळं-जळगाव सडकेवरचं, पारोळ्याच्या अलीकडे, धुळ्याच्या बाजूला. एका वर्षी कपाशी भरभरून आली, विहिरीवरची केळीही चांगली गेली, आणि नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, आयुष्यात पहिल्यांदा हौस सुचली. जळगावच्या एका रुईच्या व्यापाऱ्यानं नवी मोटार घेतली, त्याची जुनी काळी मोटार नाना चालवत घरी घेऊन आले. येताना ते एकटेच होते, पण त्या दिवशी गावात शिरले ते नवरदेवासारखे.

त्या वेळी पेट्रोलचा कुणी विचार करत नसे. निदान आमचे नाना तरी करत नसत. शेत हाकेच्या अंतरावर, तरी तिथं जायचं ते मोटारीनं. विडा खायची लहर आली की पारोळ्याला मोटारीनं. मला आणि अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, मेहरूणचा तलाव दाखवायला ते एकदा थेट जळगावला घेऊन गेले. तलाव बघितला आणि लगेच परत फिरलो. वाटेत कुणी ओळखीचा भेटला की मोटार थांबे, पण इंजिन बंद होत नसे. ते धडधडत असे आणि नाना त्याच्या वरताण आवाजात बोलत. कोंबडी आडवी आली तरी भोंगा वाजे, नाही आली तरी वाजे.

अक्काचं लग्न धुळ्याला जमलं, त्यात मोटारीचा वाटा मोठा होता. सासरचं घर दुकानदाराचं, जरा ताठ्याचं. अक्काची सासू बोलायला फटकळ, तिचा सगळ्या गल्लीला धाक. लग्नाच्या मांडवात, भरल्या पंगतीत, नाना व्याह्यांना म्हणाले, “पोरीला दर आखाजीला मोटारीतून नेईन आणि मोटारीतून आणून घालीन.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात लेकीबाळींच्या माहेरपणाचा हाच सण. झाडाला झोके, घरात सांजोऱ्या, आणि गल्लीत वर्षभरानं भेटलेल्या पोरी. पण बाईनं उठून आपली आपण माहेरी जायचं नसतं. माहेरचं माणूस, मुराळी, न्यायला यावा लागतो. मुराळी आला नाही तर बाई सासरीच राहते आणि दुसऱ्यांच्या झोक्यांची गाणी ऐकते. नानांनी शब्द दिला, आणि पहिल्या आखाजीला तो भोंगा वाजवत वाजवत पाळला.

मग तिकडे मिसर देशात कुठल्याशा कालव्यावरून लढाई झाली आणि इकडे पेट्रोल कडाडलं. नाना वर्तमानपत्र वाचून आईला समजावत होते. आई भाकरी थापत म्हणाली, “कालवा त्यांचा, भांडण त्यांचं, मग आपली मोटार का उपाशी?” नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्या वर्षी केळीवर रोगही पडला होता.

मोटार विकावी असं नानांच्या मनात एकदाही आलं नाही. त्यांनी आपली चालवण्याची रीत बदलली. आधी शेताच्या फेऱ्या गेल्या, मग विडा गेला. बोलताना इंजिन बंद व्हायला लागलं, त्यामुळे नाना हळू बोलू लागले. उतार आला की इंजिन बंद करून मोटार नुसती सोडून द्यायची, आणि ती जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचं, जणू आमच्या श्वासानंही पेट्रोल जळणार होतं. भोंग्याला पेट्रोल लागत नाही हे ठाऊक असूनही नाना तो जपून वाजवू लागले.

एवढं करूनही भागेना, तेव्हा नानांना बैल सुचले.

आमची पांढरी खिल्लारी जोडी पंचक्रोशीत नावाजलेली होती. नानांनी मोटारीच्या पुढच्या बाजूला साखळी अडकवली आणि साखळीला जू. आमचा सालदार गडी बैलांच्या पुढं चालायचा आणि नाना आत बसून चाक धरायचे. त्यांनी पद्धतच ठरवून टाकली होती: सपाटीला आणि चढाला बैल, उतार आला की बैल सोडून मोटार आपली आपण, आणि गावात शिरताना इंजिन. म्हणजे गाव दिसलं की बैल सोडायचे, सालदारानं त्यांना गावाबाहेरून काढायचं, नानांनी हँडल मारायचं आणि मोटारीनं ऐटीत गावातून जायचं. गाव संपलं की पुन्हा जू. बैल ओढत असताना कुणाला संशय येऊ नये म्हणून पुढच्या भागावर ताडपत्री टाकायची, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बंद पडलेली गाडी दुरुस्तीला चालली आहे.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होते. त्या वयात माणसाला लाज किती वाटते हे मी सांगायला नको. पारोळ्याच्या शाळेतल्या मुली एकदा बाजारातून पायी येत होत्या. त्या लांबून दिसल्या तशी मी मोटारीत दोन बाकांच्या मध्ये खाली जाऊन बसले. त्या शेजारून गेल्या, बैलांकडे बघून हसल्या, आणि मी नानांच्या चपलांचा वास घेत तोंड लपवून होते. त्यांनी मला पाहिलं नाही. पण नानांनी आरशातून पाहिलं.  मला राग त्यांचा आला, आणि तो कित्येक दिवस गेला नाही.

मग आखाजी आली.

“एस.टी.नं जा,” आई म्हणाली. “सकाळी जाल, संध्याकाळी अक्काला घेऊन घरी.”

“आणि तिच्या सासरी काय सांगू? मांडवात काय बोललो होतो मी?”

“मांडवात बोलताना विचारलं होतं का मला?”

आईचं कुणी ऐकलं नाही. सोबतीला म्हणून मला घेतलं आणि आम्ही पहाटे निघालो. बैलांच्या चालीनं, उतारांच्या दयेनं, दिवस कलताना धुळ्याच्या वेशीवरच्या आमराईत पोचलो. बैल आणि सालदार तिथंच राहिले. नानांनी ताडपत्री काढली, मोटारीवरची धूळ आपल्या उपरण्यानं पुसली, हँडल मारलं आणि अक्काच्या गल्लीत भोंगा वाजवत शिरले. दारोदार बाया बाहेर आल्या. अक्का उंबऱ्यात उभी होती. तिच्या तोंडावर जे तेज होतं ते बघून मी नजर दुसरीकडे वळवली, कारण आमराईत काय उभं आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. अक्काची पेटी मोटारीत गेली. नानांनी व्याह्यांना रामराम केला. तेवढ्यात अक्काच्या सासूबाई दाराशी आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. इतक्या फटकळ बाई, पण त्या दिवशी त्यांना शब्द सापडत नव्हते.

“नाना,” त्या म्हणाल्या, “तुमनी वाटवरच मनं माहेर शे. सडकनं गाव. तठलोंग माले लई चाला ना.”

माझं माहेर तुमच्या वाटेवरच आहे, तिथपर्यंत मला घेऊन चला, एवढंच त्या आपल्या अहिराणीत म्हणत होत्या. त्यांचे आईवडील केव्हाच गेले होते. भाऊ एकच, तोही विहिरीत पडून कंबरेतून अधू झालेला. न्यायला येणार कोण? म्हणून कितीतरी आखाज्या त्या माहेरी गेल्या नव्हत्या. लेकीसारख्या सुनेला न्यायला तिचा बाप येतो आहे, मोटार त्याच वाटेनं जाते आहे, आणि व्याही म्हणजे घरचंच माणूस. त्याला मुराळी मानायला काय हरकत, असा त्यांनी मनाशी हिशेब घातला असणार.

नानांचा चेहरा पांढरा पडला. मोटारीत जागा होती. मागचा बाक जवळजवळ रिकामाच होता. पण बाईंना घ्यायचं म्हणजे आमराईत बैल जुंपताना त्यांच्या डोळ्यांदेखत जुंपायचे.

“नेलं असतं हो,” नाना म्हणाले, “पण मोटारीखालचे स्प्रिंगांचे पाटे कमजोर झालेत. मिस्त्रीनं जास्त माणसं बसवायची नाहीत म्हणून बजावलंय.”

“नाना, बसतील की,” अक्का बिचारी कळवळून म्हणाली. “मी आपल्या धाकटीला मांडीवर घेते.”

“नाही म्हटलं ना!”

नाना कधी अक्कावर असे खेकसत नसत.  मग सासूबाई हसल्यासारखं करून म्हणाल्या, “राहू द्या, राहू द्या. मी सहज म्हनं.” आणि बोलता बोलता त्यांनी पायानं काहीतरी दाराआड सरकवलं. मी मोटारीत बसले होते तिथून मला ते दिसलं. गाठोडं होतं. बांधून तयार.

आमराईत आल्यावर अक्कानं बैल पाहिले. आधी तिला वाटलं, मोटार खरंच बिघडली. नानांनी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं.  जू चढलं, साखळी ताणली गेली, मोटार हलली, आणि मग अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली.

“हे माझ्या सासरी कळलं ना नाना, तर मला तिथं जन्मभर मान वर करता येणार नाही. मोटारवाल्याची लेक म्हणून मिरवतात मला.”

“नाही कळणार,” नाना म्हणाले.

त्या एका गोष्टीवर मग सगळं ठरलं. सासूबाईंचं माहेर वाटेतच होतं आणि पद्धतीप्रमाणे त्या गावातून मोटार इंजिनावर जायला हवी होती. पण इंजिनाचा आवाज ऐकून बाईंचा भाऊ सडकेवर आला तर? बहीण का नाही आली म्हणून विचारलं तर? नानांनी ठरवलं, या गावात इंजिन नको. ताडपत्री नीट अंथरायची, बैलांनी ओढत न्यायचं आणि गपचूप निघून जायचं. आजवर गाव दिसलं की मोटार दाखवायची असायची. त्या दिवशी पहिल्यांदा ती लपवायची होती.

ऊन चढलं होतं. गावाच्या तोंडाशी सडकेलगत एक मोठा निंब, आणि निंबाखाली जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी. बैलांनी पाणी पाहिलं आणि ते थांबले. सालदारानं खूप हाकललं, पण तहानलेल्या बैलाला लाजेचं काय? नाना नाइलाजानं खाली उतरले. अक्कानं पदर नाकापर्यंत ओढला.

निंबाखाली एक म्हातारा काठी आडवी ठेवून बसला होता. अंगात धुतलेली बंडी, डोक्याला नवी टोपी. तो काठीच्या आधारानं कसाबसा उठला, कंबरेत वाकलेला, आणि त्यानं आपल्या हातानं पोहऱ्यानं डोणीत पाणी ओतलं. त्याचं नाक आणि हनुवटी अगदी अक्काच्या सासूसारखी होती. ओळख सांगायची गरजच नव्हती.

“मोटार बंद पडनी का?” त्यानं विचारलं.

“हो,” नाना म्हणाले.

“बैल मातर झकास शेत.” त्यानं एका बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग विचारलं, “धुयाकडथीन उनात का?”

धुळ्याकडूनच आलो, असं नानांना म्हणावं लागलं.

“मनी बहीन धुयाले शे. तिना व्याहीनी मोटार शे, मोठी. आज ती त्या मोटारमा ई राहिनी. निरोप धाडा व्हता तिनी.” बहीण आज येणार म्हणून तो सडकेकडे बघत होता, आमच्या मोटारीच्या पलीकडे, धुळ्याच्या दिशेला. “सकायपाईन बसेल शे मी. घरमा बठ्ठा वाट देखी राहिनात. तुमले वाटमा एखादी मोटार दिखनी का?”

मी नानांकडे पाहिलं. मला अजूनही वाटत होतं की ते आता खरं सांगतील. काहीतरी सांगतील. अक्का पदराआड गच्च डोळे मिटून बसली असणार. तिचे हात मला दिसत होते, ते एकमेकांत घट्ट अडकले होते.

“नाही,” नाना म्हणाले. “दिसली नाही.”

“मंग येईच आते,” म्हातारा म्हणाला आणि पुन्हा निंबाखाली जाऊन बसला.

मोटार म्हणजे धूळ उडवत, भोंगा वाजवत येणारी वस्तू, अशी त्याची समजूत. ती ताडपत्री पांघरून, बैलांच्या मागं मुकाट चालत येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आम्ही त्याच्या समोरून गेलो. मी मागच्या काचेतून बघत राहिले. वळण येईपर्यंत तो धुळ्याच्या सडकेकडेच बघत होता.

बरंच पुढं गेल्यावर नानांनी मोटार थांबवायला सांगितलं. चाकावर दोन्ही हात ठेवून ते नुसते बसून राहिले. मग म्हणाले, “अजून वेळ आहे. परत जाऊन विहीणबाईंना घेऊन येऊ.”

“बैल लावून?” अक्का म्हणाली. “माझ्या गल्लीत?”

नानांनी चाकावरचे हात काढून घेतले. मलाही काही बोलता आलं असतं. मी म्हणू शकले असते, सालदाराला इथं ठेवा, असेल नसेल ते पेट्रोल जाळा, इंजिनावर जा. पण त्या पेट्रोलनं आमच्या गावात शिरताना भोंगा वाजवत शिरायचं होतं, आणि माझ्या मैत्रिणी वेशीवर झोक्यांपाशी असणार होत्या. मी गप्प बसले. अक्का म्हणाली, “चला,” आणि सालदारानं बैल हाकले. गावात आम्ही इंजिनावर शिरलो. सगळ्या पोरी मोटारीमागं धावल्या. मी काचेतून हात हलवला, आणि तो हात माझा नाही असं मला वाटत होतं.

त्या आखाजीला माझ्या ताटातली सांजोरी तशीच राहिली. अक्का झोक्यावर एकदाच बसली. आईला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिनं सालदाराकडून सगळं काढून घेतलं असावं, कारण सणाच्या दिवशी तिनं नानांना वाढताना एकदाही वर पाहिलं नाही.

अक्काला पोचवायला आम्ही एस.टी.नं गेलो. मोटार मिस्त्रीकडे आहे, असं सांगायचं ठरलं होतं. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, नानांना ओट्यावर बसवलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. अक्का खांबाशी उभी होती. तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “मना गाववरथीन गयात, तव्हय सडकले कोणी व्हतं का?”

“मोटार जोरात होती,” अक्का म्हणाली. “काही दिसलं नाही.”

सासूबाईंनी मान हलवली. रागावल्या नाहीत. त्यांचा तो प्रसिद्ध फटकळपणा त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे उपकार मानले असते. त्या तिथंच खाली बसल्या आणि जमिनीवरचा एक खडा उचलून बाजूला ठेवत म्हणाल्या, “भाऊना निरोप उना. दिनभर निंबखाले बसेल व्हता. म्हने, मोटार काही गयी नही. बैल जुपेल एक गाडी तेवढी गयी.”

 गल्लीत कुणाच्या तरी घरी बायका हसत होत्या.

“बैल भलता चांगला व्हतात म्हने,” त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच त्यांनी नानांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. “माले बैलबी चालतात, नाना.”

नानांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि पाणी संपलं तरी तो खाली ठेवला नाही.